खालून दोनदा

१

पाण्याचा गुंड अर्धा भरला होता, हे कोणी जाऊन पाहिलंच नाही.

रुख्मा त्या दिवसापासून एवढंच सांगत होती. पोलीस पाटलाला सांगितलं, शेजारच्या प्रेमिलाला सांगितलं, सडक अर्जुनीहून धावत आलेल्या भावाला सांगितलं. घराच्या मागं बोरिंग आहे. बोरिंगखाली पितळेचा गुंड आहे. गुंडात अर्धं पाणी आहे. जी बाई घरात उभी राहून काठी वाजवत होती म्हणता, तिनं मागं जाऊन पाणी कधी भरलं? वीस पावलांचं काम होतं. एक माणूस चालला नाही. सगळे समोरच्या अंगणात उभे राहून छपराकडं बघत होते. दुपारपर्यंत तिथं कवेलू, मातीची कौलं होती, आता माणूस जाईल एवढं भोक होतं.

“आत कोण होतं, बाई?” पोलीस पाटील जागेश्वरनं विचारलं.

“कोणी नाही.”

“मंग काठी कोणं वाजवली?”

“मी बोरिंगवर होती.”

“ते नाही इचारलं मी. काठी कोणं वाजवली?”

प्रेमिला सुपात तांदूळ तसेच घेऊन आली होती. “मी माह्या ओट्यावर बसली होती जी. दोनदा वाजलं. माह्या कानानं ऐकलं. वाजलं तवाच वर छपरावर गजेंद्रभाऊनं पाय टाकला. त्याच्या आधी नाही.”

जागेश्वरनं सगळं कागदावर लिहून घेतलं. आत कोण होतं, ती ओळ मात्र कोरी सोडली. “आठवलं का सांगजा,” म्हणाला आणि कागदाची घडी खिशात घातली.

रुख्मा खोटं बोलणारी बाई नव्हती. शिव्या देणारी होती, अंगावर जाणारी होती. पण खोटं बोलायला कोणाची तरी भीड असावी लागते, आणि तिनं ती कोणाचीच ठेवली नव्हती. तरी तिला कोणी मानलं नाही.

२

रुख्मा चौथी शिकली. अठराव्या वर्षी लग्न झालं. चोविसाव्या वर्षी नवऱ्यानं हातात कपड्यांची पिशवी दिली आणि एसटीत बसवून दिलं. मूल होत नव्हतं, एवढंच कारण. तो उतरून गेला, खिडकीकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर बावीस वर्षं ती सडक अर्जुनीच्या हायवेवर एका ढाब्यात पोळ्या लाटत होती. उजव्या मनगटावर तव्याचा डाग होता, विळ्यासारखा वाकडा. एका ड्रायव्हरनं एकदा “भाभीजी, अकेली रहती हो क्या?” म्हणून विचारलं, तर लाटण्यानं त्याच्या कपाळावर टेंगूळ आणलं. तेव्हापासून ढाब्यावर तिला बेलनबाई म्हणत. ते नाव तिला आवडायचं. भावाच्या घरी ती आतून कडी लावून, उशाशी विळा ठेवून झोपायची.

धुरपताबाई तिची मावशी. नवेगाव बांधाच्या तळ्याजवळ टोलीवर, लहानशा वस्तीत, तीस वर्षं एकटी राहिली, एकटी मेली, आणि मरायच्या आधी घर रुख्माच्या नावानं करून गेली.

“विकून टाक,” भाऊ कैलाश म्हणाला. “त्या घरात माणूस राहत नाही.”

“मावशी तीस वर्षं राहिली न.”

“मावशी माणूस होती का?”

रुख्मा हसली नाही. कपडे बांधले आणि आली.

घर म्हणजे एकामागं एक तीन खोल्या. पुढं सपरी म्हणजे पडवी, मधे माजघर, मागं चूल. माजघराला खिडकी नाही. भर दुपारी तिथं संध्याकाळ असे. कवेलूंच्या फटीतून उजेडाचे ठिपके खाली पडत, तेवढाच उजेड. एका कोपऱ्यात धान ठेवायची बांबूची ढोली, शेणामातीनं लिपलेली. ढोलीला टेकून एक लांब काठी उभी. वरचं टोक फाटलेलं, खालची धरायची जागा हात लागून लागून तुळतुळीत झालेली. घरात बाकी सगळ्यावर धूळ होती. काठीच्या त्या जागेवर नव्हती.

प्रेमिला पहिल्याच दिवशी ताक घेऊन आली. बोलकी बाई. “तुमची मावशी मोठी नवलाची होती वो. बांधावर धुणं धुवून राहिली दिसे. मी घरी येऊन पाहू तं अठी भांडे घासून राहे.”

“पाय चालत असतील तिचे भराभर.”

“हो न. मीही तसंच म्हणो.” प्रेमिला हसली आणि ताकाचा रिकामा गंज घेऊन गेली.

चौथ्या दिवशी रुख्मा अंगणात झाडत होती. आतून आवाज आला. टक, टक. तिनं वर पाहिलं. छपरावर वानर बसलं होतं, आंब्याची कोय चाटत. वानरच, तिनं स्वतःला सांगितलं, आणि झाडत राहिली. वानर वर होतं आणि आवाज खालून आला होता, हे तिला कळलं नाही असं नाही. पण एकट्या बाईनं प्रत्येक आवाजाचं उत्तर शोधायचं ठरवलं तर झाडायचं कधी?

३

मे महिना उतरला तसा कवेलू फेरणारा शोधायची वेळ आली. पावसाच्या आधी छपरावरचे कवेलू उचलून, फुटके काढून, पुन्हा बसवावे लागतात. टोलीत आता ते काम करणारे उरले नव्हते. कोणाचं घरकुल झालं, स्लॅब पडला. कोणी टिना टाकल्या. एकटा गजेंद्र उरला होता. पन्नाशीचा माणूस, दोन एकर धान, बायको जाऊन सहा वर्षं, एकच पोरगी रेणू, ती केशोरीला दिलेली.

हे काम दोघांचं असतं. एक वर, एक खाली. वरच्याला भोक दिसत नाही, खालच्याला अंधारात उभं राहिलं की दिसतं. खालचा काठीनं त्या जागी दोनदा वाजवतो. म्हणजे अठी, इथं. वरचा कवेलू सरकवतो. उजेड बुजला की खालचा एकदा वाजवतो. म्हणजे थांब, झालं. आणि जिथं वासे वाळवीनं खाल्लेले असतात, तिथं खालचा आधी पक्का वासा पाहतो, त्यावर दोनदा वाजवतो, मगच वरचा पाय टाकतो. वरच्याचा जीव खालच्याच्या काठीवर असतो. म्हणून खाली घरचंच माणूस लागतं.

“खाली कोण राहीन?” गजेंद्रनं विचारलं.

“मी.”

“काठी धरता येते का?”

“लाटणं धरता येते.”

“आयकलं आहे मी त्याच्याबद्दल,” गजेंद्र म्हणाला. “हेल्मेट घालून येतो.”

रुख्मानं आधीच सांगून टाकलं. चौकटीच्या आत पाय टाकायचा नाही. पाणी अंगणात मिळेल, चहा ओट्यावर मिळेल.

“म्हणजे तुमच्या डोस्क्यावर नाचलो तं चालते, पण घरात नाही.”

“हो.”

“बरं बाप्पा.”

काम सुरू झालं. ती माजघरात मान वर करून उभी राही, तो वर उकिडवा. मधे कवेलू. चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, ती बोलू लागली. ढाब्याचं बोलली, ड्रायव्हरचं बोलली. एसटीची खिडकीही बोलली, जी तिनं सख्ख्या भावाला सांगितली नव्हती. तो ऐके. ऐकताना त्याचा हात थांबे, कवेलूंचा आवाज थांबे, त्यावरून तिला कळे की ऐकून राहिला आहे. दोन दिवसांचं काम चार दिवस झालं तरी संपलं नाही, आणि दोघांपैकी कोणी त्यावर बोललं नाही.

चौथ्या दिवशी ती चुलीपाशी चहा ठेवत होती. वरून आवाज आला, “झालं का त्या कोपऱ्यातलं? कवाचं वाजवून राहिल्या?”

“मी? मी चुलीपाशी आहो.”

“दोनदा वाजवलं न जी आता.”

“वानर असंल.”

“वानर माह्या बाजूनं राहते, बाई. तुमच्या बाजूनं नाही.”

तो हसला, तीही हसली. मग ती माजघरात गेली. काठी ढोलीला टेकून होती, तिनं ठेवली तशीच. तिनं धरायच्या जागी हात लावला. काठी गरम होती. मे महिन्यात काय गरम नसतं, ती म्हणाली, आणि चहा उतू गेला म्हणून पळाली.

४

सहाव्या दिवशी गजेंद्रनं दुपट्ट्यात बांधून टेंभरं आणली. पिवळीधमक फळं, जंगलातून स्वतः वेचलेली. ओट्यावर ठेवली आणि काही न बोलता शिडी चढला. रुख्मा काठी घेऊन माजघरात उभी राहिली. बराच वेळ कवेलू हलला नाही.

“रुख्माबाई.”

“काय?”

“एक इचारू?”

“कवेलूचं असंल तं इचारा.”

“कवेलूचं नाही.” वर एक कवेलू उगाच सरकला, परत बसला. “खाली आलो का तुमचं तोंड दिसते. तोंड दिसलं का मी गिळून टाकतो. म्हणून अठूनच इचारतो. आपण पाट लावू का?”

बावीस वर्षांत तिला खूप जणांनी खूप काही विचारलं होतं, आणि सगळ्याचं उत्तर तिच्याकडं तयार असायचं. याचं नव्हतं.

“तोंडानं नका सांगू,” तो वरून म्हणाला. “तोंडानं तुमी शिवीच द्याल. काठीनं सांगा. दोनदा म्हणजे हो. एकदा म्हणजे थांब. थांब म्हटलं तं थांबीन. कवेलू फेरून घरी जाईन. पुढच्या साली पुन्हा येईन फेरायले.”

तिनं काठी दोन्ही हातांनी धरली. वर उचलली. टोक वाश्यापासून वीतभर खाली थांबलं. एसटीची खिडकी आठवली. टेंभरं आठवली. हात पुढं जाईना. तो हात एकदा वाजवणार होता की दोनदा, हे तिलाही माहीत नव्हतं.

तिच्या पाठीमागं, ढोलीच्या कोपऱ्यातून, वाश्यावर वाजलं. टक. टक.

काठी तिच्या हातात होती.

वर गजेंद्र लहान पोरासारखा हसला. “आयकलं!” तो ओरडला. “आयकलं जी!” आणि एक कवेलू त्याच्या हातून सुटून अंगणात फुटला.

रुख्मा मागं वळली नाही. वळावं, बघावं, वर ओरडून सांगावं की हे मी नव्हते, हे सगळं तिच्या मनात आलं. पण जे उत्तर द्यायची तिची छाती झाली नसती, ते कोणीतरी देऊन टाकलं होतं. तिनं ते ठेवून घेतलं. कोणाचं होतं ते विचारलं नाही.

५

नंतरचे आठ दिवस तिच्या जन्मातले चांगले दिवस होते. दुसरे चांगले दिवस तिला आठवतही नव्हते.

मृगाच्या आधीचा मंगळवार ठरला. रेणू केशोरीहून फोनवर बोलली, “आई म्हणू का बाई म्हणू?” रुख्मा म्हणाली, “बेलनबाई म्हण.” बाजारातून तिनं हिरव्या बांगड्या आणल्या. घातल्या नाहीत. दुकानदारानं धाग्यानं बांधून दिलेला डबा तसाच ढोलीवर ठेवला. मंगळवारी घालू म्हटलं.

“गजेंद्र, चहा घ्या,” तिनं अंगणातून हाक मारली, तर पलीकडून प्रेमिला ओरडली, “काय वो, भाऊ कुठी गेला? काल तं गजेंद्रभाऊ होते!”

“तुह्या तांदळात खडे किती झाले ते पाह्य.”

“माह्या तांदळात खडे आहेत, तुह्या तं पोटात लाडू फुटून राहिले.”

आता चौकटीच्या आत ये म्हणून रुख्मानंच गजेंद्रला सांगितलं. तो आला नाही. “पाट लागल्यावर येईन. पयलं पाऊल दोघांनी मिळून टाकू,” म्हणाला आणि ओट्यावरच बसला.

तिनं सांगायचा प्रयत्न केला. दोनदा केला. एकदा ओट्यावर, एकदा शिडी धरून उभी असताना. “त्या दिवशी ते काठीचं...” एवढं म्हणाली.

“काय?”

“काही नाही. चहा थंडा होते.”

काय सांगणार होती? तुम्ही ज्याला हो समजलात तो माझा नव्हता, हे? कोणाचा होता मग, असं त्यानं विचारलं तर? आणि तो शिडी उतरून चालता झाला तर? मंगळवार झाला की सांगू, तिनं ठरवलं. नवरा झाला की माणूस एवढ्याशा गोष्टीवरून जात नाही. एक गेला होता, पण हा तसा नव्हता.

घर त्या आठ दिवसांत गप्प होतं. एकदाही वाजलं नाही. फक्त रविवारी तिला बांगड्यांच्या डब्याचा धागा सुटलेला दिसला. उंदीर, ती म्हणाली, आणि घट्ट गाठ मारली.

६

छपराचा एकच कोपरा उरला होता, ढोलीच्या वरचा. तिथले वासे वाळवीनं पोकळ केले होते. गजेंद्रनं तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. “तुमी वाजवल्याशिवाय मी तठी पाय टाकत नाही,” तो म्हणाला होता.

सोमवारी दुपारी ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गोठ्यात शिरली होती. तो मयालीवर, छपराच्या माथ्यावर बसला होता. रुख्मा अंगणात आली, डोळ्यांवर हात धरून वर बघितलं.

“मी पाणी आणते. चहा घ्या, मंग त्या कोपऱ्याले हात लावू. तवर हलायचं नाही.”

“नाही हलत.”

“आन घ्या.”

“तुमची आन.”

ती मागं गेली. बोरिंगचा दांडा तापला होता, पदर गुंडाळून धरावा लागला. गुंड खाली लावला. दांडा खाली-वर होत होता, पाणी पडत होतं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतो आहोत. तिला स्वतःचंच हसू आलं. गुंड अर्धा झाला.

टक. टक.

दांडा तिच्या हातात थांबला. पाण्याची धार बारीक होत तुटली. तिनं तोंड उघडलं. “नाही” म्हणायचं होतं, “थांबा” म्हणायचं होतं, मोठ्यानं. घराच्या पलीकडून गजेंद्रचा आवाज आला, गोड, आज्ञाधारक. “आलो जी.”

मग वासे मोडल्याचा आवाज. मग कवेलूंचा. मग काहीच नाही.

ती पुढं धावली, चौकटीतून आत शिरली. माजघरात पहिल्यांदा भरपूर उजेड होता. धूळ त्यात फिरत होती. गजेंद्र ढोलीशेजारी पाठीवर पडला होता. त्याचं घरातलं पहिलं पाऊल पडायचं होतं, त्या जागी तो सगळा पडला होता. डोळे उघडे होते. तो तिच्याकडं बघत नव्हता, तिच्या थोडं बाजूला, कोपऱ्यात बघत होता. मग त्याचे डोळे तिच्यावर आले. त्यात भीती नव्हती, गोंधळ होता. एका माणसाला दोन ठिकाणी बघून होतो तसा.

“वाजवलं न तुमी?” तो म्हणाला.

काठी ढोलीला टेकून उभी होती.

७

गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव राहील, कमरेखाली काही राहणार नाही. रेणू बापाला केशोरीला घेऊन गेली. मंगळवार आला आणि गेला.

इकडं रुख्मा गुंडाचं सांगत फिरत होती. प्रेमिलाला म्हणाली, “तूच तं सांगत होतीस, मावशी बांधावरही दिसे अन् घरातही दिसे!”

“ते मी मजाक केला होता वो बाई.” प्रेमिलानं नजर चुकवली. “मेल्या माणसावर कायले ढकलता?”

पंधरा दिवसांनी रुख्मा केशोरीला गेली. रेणू दारातच उभी राहिली. आई म्हटलं नाही, बाईही म्हटलं नाही. “दोन मिंटं,” म्हणाली.

गजेंद्र खाटेवर होता. दाढी वाढली होती. पायांवर चादर होती आणि चादर अजिबात हलत नव्हती. रुख्मा खाली जमिनीवर बसली. त्याच्याकडं बघून बोलणं तिला जमेना. मधे कवेलू नव्हते.

“मी बोरिंगवर होती,” ती म्हणाली.

“तुमाले नाही म्हणायचं होतं, तं एकदा वाजवायचं होतं,” तो हळू म्हणाला. “मी थांबलो असतो. सांगितलं होतं न मी.”

“मी नाही वाजवलं, गजेंद्र. तुमची आन. गुंड अर्धा भरला होता.”

त्यानं वर आढ्याकडं पाहिलं. मग त्यानं विचारलं, “मंग त्या दिवशी कोणं वाजवलं? मी इचारलं तवा?”

रुख्माला आता सगळा सापळा दिसला. ते माझं नव्हतं म्हटलं, तर हा माणूस तिच्यावर विश्वास ठेवील. पण त्याच्याजवळ पायही नव्हते, आणि तो होकारही उरणार नाही. ते माझंच होतं म्हटलं, तर एवढं एक त्याच्याकडं राहील. तो खाटेवरून तिच्या तोंडाकडं बघत होता. तोंड दिसलं की गिळून टाकणारा माणूस आता गिळत नव्हता, वाट बघत होता.

“ते मीच होती,” रुख्मा म्हणाली. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली.

गजेंद्रनं डोळे मिटले. चेहरा क्षणभर सैल झाला. मग पुन्हा घट्ट झाला.

“आवाज एकच होता, रुख्माबाई,” तो म्हणाला. “तवाचा अन् पडलो त्या दिवशीचा. तुमी तवा होत्या, तं मंग त्या दिवशीही तुमीच.”

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. रेणू दारात आली. दोन मिनिटं झाली होती.

८

आभाळ बांधाच्या बाजूनं भरून येऊ लागलं. छपराचं भोक तसंच होतं. टोलीतला कोणी त्यावर चढायला तयार नव्हता. गजेंद्रची शिडी मात्र अजून भिंतीला लागलेली होती.

रुख्मानं ताडपत्री काखेत मारली. आधी घरात सगळीकडं फिरून आली. ढोलीमागं पाहिलं, चुलीमागं पाहिलं. बाहेर येऊन दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. मग चढली. दुपारचे चार वाजले होते, उजेड पिवळा पडला होता. कवेलू अजून तापलेले. बसत, सरकत ती भोकापर्यंत गेली आणि आत वाकली.

वरून माजघर तिनं कधी पाहिलं नव्हतं. खाली जमिनीवर उजेडाचा तुकडा पडला होता. तिथं तिनं तीनदा सारवलं होतं. बाजूला सगळा अंधार.

ताडपत्रीचं एक टोक दाबून झालं. दुसऱ्यासाठी पलीकडं जायला हवं होतं. तिनं पाय उचलला आणि तो तसाच राहिला. कुठं टाकायचा? कवेलूंवरून काही कळत नव्हतं. कोणता वासा पक्का, कोणता पोकळ, हे वर बसलेल्याला कळत नाही. तो असाच बसत होता, तिला कळलं. रोज. तिच्या काठीवर.

तिच्या उचललेल्या पायाच्या बरोबर खाली वाजलं.

टक. टक.

आवाज ओळखीचा होता. घाईचा नव्हता, रागाचा नव्हता. मायेनं वाजवल्यासारखा होता.

तिनं पाय टाकला नाही. बावीस वर्षांची सवय कामी आली. ती तशीच वाकली आणि भोकातून पाहिलं. आधी काठीचं फाटलेलं टोक उजेडात होतं. मग काठी खाली खाली, आणि मग काठी धरलेला हात. हातात हिरव्या बांगड्या होत्या, नव्या, अजून एकही न टिचलेली. बांगड्यांच्या खाली मनगटावर तव्याचा डाग, विळ्यासारखा वाकडा. हात थकलेला नव्हता. खूप वर्षं काठी धरून उभं राहायची सवय असलेला हात होता. मग उजेडात हनुवटी आली, वर उचललेली, वाट बघणारी. रुख्मानं डोळे मिटले. पुढचं बघायची गरज नव्हती.

डोळे उघडले तेव्हा खाली फक्त उजेडाचा तुकडा होता. तिनं आपलं मनगट पाहिलं. डाग होता. बांगडी नव्हती.

ती उतरली. कुलूप उघडलं नाही. टोलीच्या रस्त्यानं सरळ जागेश्वरच्या घरी गेली. तो ओट्यावर बसून बियाण्याचं धान पाखडत होता.

“काय बाई? पुन्हा गुंडाचंच का?”

“तो कागद काढा.”

“कोणता?”

“कोऱ्या ओळीचा.”

जागेश्वर आत गेला, कागद आणला, चष्मा लावला. पेन झटकला. “तं आत कोणी होतं म्हणता.”

“होती.”

“म्हणजे तुमी बोरिंगवर नव्हत्या?”

“मी बोरिंगवरच होती. गुंड अर्धा भरला होता, पाटील. ते खरं आहे.” तिचा आवाज चढला नाही. “तुमी आतल्या बाईचं नाव लिहा.”

जागेश्वरनं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं, मग कागदाकडं. “सांगा. काय नाव?”

“रुख्मा.”